सुरगाठ

गलबताचे सगळे दोर बांधून झाले, शेवटच्या गाठीवर गोंदाचा थेंब पडला, आणि मी ते उचलून बाबांच्या मांडीवर ठेवलं. 2018 साल नुकतंच लागलं होतं. दारातला नाताळचा कंदील अजून उतरवला नव्हता. बाहेर वलांडीवर बोंबील वाळत होते आणि त्यांचा वास घरभर होता. आम्हाला तो वास येत नाही, पाहुण्यांना येतो.

बाबांना तेव्हा शहाऐंशीवं लागलं होतं. काचबिंदूने दहा वर्षांत दोन्ही डोळे हळूहळू नेले. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. त्यांनी मांडीवर पंचा पसरून घेतला, दोन्ही हात पुसले आणि गलबत चाचपायला सुरुवात केली. आधी नाळ. मग कडेकडेने दोन्ही बाजू, बोटं सरकवत सुकाणूपर्यंत. मग डोलकाठी. लहान मुलाचं तोंड चाचपावं तसं ते चाललं होतं. मी समोर स्टुलावर बसून होतो. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत होतो. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण बापाच्या शाबासकीची वाट बघायला वय आड येत नाही.

बाबांची बोटं दोरांवर आली आणि थांबली.

"यो जिना कनाला?"

"वर चढायला," मी म्हणालो. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना मी दोराच्या बारीक शिड्या विणल्या होत्या. एकेका बाजूला साठ-सत्तर गाठी. त्यात माझा अख्खा नोव्हेंबर गेला होता.

"कोन चढतंय जिन्यानं? आमी काठीला पाय लावून चढाचो."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी डाव्या अंगाचे तीन दोर एकेक करून ओढून पाहिले, मग उजव्या अंगाचे तीन. सगळे तारेसारखे ताठ. मग हलक्या हाताने परबाण धरलं, म्हणजे शीड ज्या लांब आडव्या काठीला बांधलेलं असतं ती, आणि ते फिरवायला बघितलं. ते दोरावर अडलं.

"शीड कसा पलटवाचा?"

"बाबा, हे शोभेचं आहे. कोण पलटवणार आहे?"

त्यांनी गलबत पंचासकट उचलून माझ्याकडे दिलं. "बरा," एवढंच म्हणाले आणि तोंड खिडकीकडे केलं.

ही गोष्ट इथूनच सुरू करायला हवी होती असं नाही, पण मला ती इथूनच आठवते.

आमचं गाव उत्तन. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं आणि बसने शेवटपर्यंत जायचं. राई, मुर्धा, मोर्वा ही गावं, मिठागरांचे पांढरे चौकोन, मग डोंगरी, आणि मग समुद्र. आता हे सगळं मिरा-भाईंदर महापालिकेत आहे, पण आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी महापालिका म्हणजे अजून भाईंदर, आणि उत्तन ते उत्तन. गाव कोळ्यांचं, बहुतेक ख्रिस्ती. घरटी होडी. मी मात्र होडीवर गेलो नाही. अकरावीची परीक्षा दिली, पुढे फोर्टमधल्या एका कचेरीत चिकटलो आणि पस्तीस वर्षं भाईंदर ते चर्चगेट केलं. होडी धाकट्या भावाकडे गेली. त्याबद्दल बाबा मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं वाटायचं, कारण न बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं आपणच मनाने तयार करत राहतो.

जहाजांच्या प्रतिकृतींचा नाद लागला तो कचेरीतच. आमचे एक साहेब निवृत्त होताना त्यांनी टेबल रिकामं केलं. त्यात परदेशातून आलेलं एक खोकं होतं, एका इंग्रजी लढाऊ जहाजाचं. आत लाकडाच्या पट्ट्या, मण्यांएवढ्या कप्प्या, दोऱ्याच्या गुंड्या आणि जाडजूड पुस्तक. "तू कोळ्याचा ना, तुला जमेल," असं म्हणून त्यांनी ते मला दिलं. कोळ्याचा होतो, पण मला साधी होडीची गाठ मारता येत नव्हती हे मी त्यांना सांगितलं नाही.

ते जहाज पुरं करायला मला चार वर्षं लागली. रात्री जेवण झाल्यावर बसायचो. सांगाडा होतो, फळ्या बसतात, पण खरा जीव जातो तो दोर लावण्यात. जहाजावरचे दोर दोन प्रकारचे. एक उभे दोर, जे डोलकाठीला धरून ठेवतात. ते सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांना डांबर फासून काळं करतात. दुसरे चालते दोर, जे शिडं वर घेतात, खाली सोडतात, वाऱ्याप्रमाणे वळवतात. ते फिकट राहतात. प्रतिकृतीतही हा रंगाचा फरक ठेवावा लागतो, जाडीचा तर ठेवावाच लागतो. बाजारातला दोरा नुसता लावला की तो दोऱ्यासारखाच दिसतो, दोरासारखा नाही. म्हणून तीन पदर घेऊन, एक टोक खिळ्याला आणि दुसरं हाताच्या ड्रिलला लावून पीळ द्यायचा. मग मेणबत्तीच्या ज्योतीवरून पटकन फिरवायचा, म्हणजे सुताचे केस जळून जातात. मग मधमाशीच्या मेणातून ओढायचा. गाठ चिमट्याने मारायची आणि गोंदाचा थेंब लावायचा, की ती जन्मात हलत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो. आणि माझ्या घरात, चार हातांवर, एक माणूस बसलेला होता ज्याने पंचवीस वर्षं खरं शीड ओढलं होतं. त्याला मी एकदाही काही विचारलं नाही. उलट एकदा मीच त्यांना ऐकवलं होतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली सागवानाचं एक लढाऊ जहाज बांधलं, ट्रिंकोमाली नावाचं, ते दोनशे वर्षांनंतर अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. बाबा म्हणाले, "साग हाय, राहील." संपलं संभाषण.

2017 च्या गणपतीच्या सुमारास गावाजवळच्या एका शाळेच्या बाई माझ्याकडे आल्या. जानेवारीत समुद्र आणि किल्ले या विषयावर प्रदर्शन करायचं होतं. त्यांना मराठ्यांचं लढाऊ जहाज हवं होतं, लाकडी, शिडं-दोरांसकट. आमच्या चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे, त्याचे अवशेष आहेत म्हणू. तिथे उभं राहिलं की खाडीच्या तोंडापलीकडे वसईचा कोट दिसतो. 1737 ते 1739 या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजा आणि पोर्तुगीज या टेकडीसाठी झगडले, कारण टेकडी ज्याच्याकडे त्याची नजर खाडीवर. मे 1739 मध्ये वसई पडली. मुलं त्या टेकडीवर क्रिकेट खेळतात, त्यांना हे कळावं असं बाईंना वाटत होतं. मला त्यांचं म्हणणं पटलं. फुकट करीन म्हणालो.

मराठ्यांच्या आरमारात मोठी जहाजं म्हणजे गुराबा, आणि त्यांच्याबरोबरची चपळ, वल्ह्यांनीही चालणारी ती गलबतं. मी गलबत निवडलं, कारण त्याचं वर्णन हाताशी होतं. रॉबर्ट ऑर्म नावाच्या, कंपनीच्या काळातल्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराबद्दल लिहून ठेवलंय. गलबत सहसा सत्तर टनांच्या वर नाही. डोलकाठ्या दोन, मागची अगदी किरकोळ. पुढच्या मोठ्या काठीला एकच शीड, तिकोनी आणि प्रचंड, इतकं की वर चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं. वजन कमी राहावं म्हणून वरचा फाळका चिरलेल्या बांबूंचा. मोठ्या गलबतांवर सहा-आठ लहान तोफा. चाळीस-पन्नास वल्ही, आणि वारा पडला तरी तासाला चार मैल. शत्रू जुमानत नसला की एकेका गलबतात दोनशे-तीनशे माणसं कोंबून ती थेट त्याच्या जहाजाला भिडवायची आणि तलवारी उपसून वर चढायचं. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं.

सांगाडा झकास जमला. पालीच्या किनाऱ्यावर एक जुनी होडी मोडत होते, तिची सागाची फळी आणली. पठाण एका सलग तुकड्याचं, त्यावर वाक, वाकांवर फळ्या. बांबूच्या फाळक्यासाठी अगरबत्तीच्या काड्या उभ्या चिरल्या, घरात महिनाभर चंदनाचा वास. वल्ही चव्वेचाळीस. अडीच फूट लांबीचं गलबत झालं. शीड मांजरपाटाचं, चहाच्या पाण्यात बुडवून काढलेलं.

आणि मग दोर. इथे माझ्याकडे ऑर्म नव्हता. पण मला काळजी वाटली नाही, कारण माझ्याकडे ते इंग्रजी पुस्तक होतं. डोलकाठीला दोन्ही अंगांनी तीन-तीन उभे दोर, काळे, ताठ, कायमचे. त्यांच्यावर शिड्या. प्रत्येक गाठीवर गोंद. मराठ्यांच्या गलबतावर मी इंग्रजी जहाजाचे दोर चढवले आणि वर बापाला म्हणालो, कोण पलटवणार आहे?

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. गलबत रिक्षाने न्यायचं तर डोलकाठी छताला लागत होती, म्हणून मी ते मांडीवर तिरपं धरून, अर्धं बाहेर काढून नेलं. रस्त्यात दोन ट्रक, एक म्हैस आणि लग्नाचा बँड लागला. पण एक दोर हलला नाही, इतका गोंद होता.

बाईंनी बाबांना मुद्दाम बोलावलं होतं. गावातले सगळ्यात वयस्क तांडेल म्हणून त्यांच्या हस्ते फीत कापायची होती. भावाने त्यांना पांढरा शर्ट घालून आणलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. एका स्थानिक पेपरचा माणूस माझं नाव लिहून घेत होता. मी त्याला गुराब आणि गलबत यांतला फरक समजावून सांगत होतो, जरा मोठ्यानेच, म्हणजे आजूबाजूच्यांनाही ऐकू जावं.

तेवढ्यात पाचवी-सहावीतला एक मुलगा बाबांपाशी आला. बाबांचा हात गलबताच्या नाळेवर होता. मुलगा म्हणाला, "आजोबा, हे वळतं कसं?"

बाबा म्हणाले, "नाय वलत."

"का?"

"बांधून टाकलाय त्याला."

आजूबाजूचे हसले. म्हाताऱ्याने गंमत केली असं त्यांना वाटलं. पेपरवालाही हसला. मी पण हसलो, पण माझे कान तापले होते. एवढ्या लोकांत, माझ्या चार महिन्यांच्या कामाला, माझ्याच बापाने! घरी येताना रिक्षात मी एक शब्द बोललो नाही.

रात्री मात्र बोललो. जेवणं झाली होती, भाऊ जाळी बघायला बंदरावर गेला होता. मी म्हणालो, बाबा, तुम्हाला नसेल आवडलं तर मला सांगायचं, लोकांसमोर कशाला? मी होडीवर आलो नाही याचा राग आहे तो असा काढायचा का? हे शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच कळलं की ते चाळीस वर्षं आत होतं.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुजा काका कसा गेला, माहीत हाय?"

माहीत होतं. धाकटा काका 1959 च्या मे महिन्यात वादळात गेला. मी दोन वर्षांचा होतो. घरात त्याचा एक फोटो होता आणि दर वर्षी त्याच्या नावाने मिस्सा. वादळात गेला, एवढंच सगळे सांगायचे. कोळ्याच्या घरात त्यापुढे कोणी विचारत नाही.

"वादल नव्हता," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो, कारण ते तुटक सांगत होते आणि मधे मधे पाणी मागत होते.

तेव्हा आमची शिडाची होडी होती. तिकोनी शीड, गलबतासारखंच, पण लहान. अशा शिडाची एक रीत असते. वारा ज्या अंगाने येतो, त्या अंगाचे डोलकाठीचे दोर ताठ ठेवायचे, कारण सगळा भार त्यांच्यावर. दुसऱ्या अंगाला परबाण आणि शीड असतं, म्हणून त्या अंगाचे दोर सोडून ठेवायचे, नाहीतर शीड त्यांच्यावर घासतं, भरत नाही. आता होडीची दिशा बदलायची असली की हे सगळं उलटं करावं लागतं. होडीची पाठ वाऱ्याकडे आणायची. परबाणाचं खालचं टोक डोलकाठीच्या बुडाशी ओढून घ्यायचं, म्हणजे ते जवळजवळ उभं होतं. शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याचा दोर हातात धरून एका गड्याने काठीच्या पुढून पलीकडच्या अंगाला जायचं, शीड त्याच्या मागोमाग येतं. तोवर दुसऱ्याने आतापर्यंत सैल होते ते दोर ताठ करायचे आणि ताठ होते ते सोडायचे. हे सगळं दोन-चार श्वासांत. दोर लावायला उशीर झाला तर डोलकाठीला आधार नाही. दोर सोडायला उशीर झाला तर शीड वाटेत अडतं.

म्हणून ते दोर नेहमी सुरगाठीने बांधायचे. एक टोक ओढलं की मोकळं.

त्या दिवशी होडीवर चौघं होते. वारा सकाळपासून जोराचा होता. दोरावर ताण इतका की सुरगाठ सरकेल अशी भीती वाटत होती.

"मी बांधली निरगाठ," बाबा म्हणाले. "बोल्लो, सुटाची नाय. सुटली पन नाय."

वसईच्या खाडीच्या तोंडाशी वारा एकदम फिरला. मे अखेरीला फिरतो तसा. होडी वळवावी लागली. काका पुढे होता, शिडाचा कोपरा घेऊन तो पलीकडे गेला. शीड अर्ध्यावर आलं आणि बाबांच्या दोरांवर अडलं. ते भिजलेले काथ्याचे दोर, आणि भिजलेली निरगाठ. बाबा दातांनी सोडवत होते. होडी आडवी व्हायला लागली. काका कोयता घेऊन दोर तोडायला धावला, दोन तोडले. तिसरा तोडायच्या आत परबाण सुटून फिरलं आणि त्याच्या छातीत बसलं. होडी सरळ झाली. काका पाण्यात. तिसऱ्या दिवशी तो अर्नाळ्याच्या बाजूला मिळाला.

उरलेल्या दोघांनी गावात वादळ सांगितलं. बाबांनी त्यांना सांगा म्हटलं नव्हतं, नका सांगू असंही म्हटलं नाही. ते दोघे गेले. आजी 1984 ला गेली. तिला कधी कळलं नाही.

मला आठवलं, 1966 साली आमच्या होडीला इंजिन बसलं. गावातल्या पहिल्या काही इंजिनांपैकी एक. त्यासाठी बाबांनी कर्ज काढलं, आजीचं सोनं गेलं. लोक म्हणायचे, याला सुधारणेची भारी हौस. मीही शाळेतल्या निबंधात तसं लिहिलं होतं. त्यांनी डोलकाठी अंगणात आणून स्वतःच्या हाताने तोडली आणि आम्ही ती पावसाळाभर चुलीत जाळली. मी का होडीवर आलो नाही, याचा राग? त्यांनी मला अकरावीपर्यंत एकदाही बरोबर चल म्हटलं नव्हतं. हे मी माझ्या हिशोबात कधी धरलंच नव्हतं.

मी त्या रात्री काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काही नाही. त्यांना पलंगापर्यंत नेलं आणि मच्छरदाणी सोडली.

प्रदर्शन पाच दिवसांचं होतं. पाच दिवस ते गलबत तिथे तसंच उभं राहिलं, खाली माझ्या नावाची पाटी. पेपरमध्ये फोटो आला, चुलतभावांनी कात्रण पाठवलं. सहाव्या दिवशी मी ते परत आणलं आणि बाईंना सांगितलं की दुरुस्ती करायची आहे. त्या म्हणाल्या, अहो, एवढं सुंदर तर आहे.

दोर काढणं लावण्यापेक्षा कठीण निघालं. गोंद दगड झाला होता. ब्लेडने एकेक गाठ कापावी लागली आणि कापताना डोलकाठीवर चरे पडले, ते अजून आहेत. सगळे काळे दोर, शिड्या, कप्प्या, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात गेलं.

मग आम्ही दोघे बसायला लागलो. रोज संध्याकाळी, भाऊ होडी लावून यायच्या आधीचा तासभर. मेणाचा दोरा बाबांनी लगेच नाकारला: "यो तार हाय, दोर नाय." ताठ दोरा कप्पीतून पळत नाही. मऊ सूत आणलं, तीन पदरी वळलं, मेण नाही, गोंद नाही. ते लवकर झिजतं, पण पळतं. खोक्यातल्या कप्प्या फार लहान होत्या, त्यांच्या बोटांना लागत नव्हत्या. म्हणून करवंटीच्या मोठ्या केल्या. प्रमाणात त्या चुकीच्या आहेत. जाणकार माणूस बघेल तर लगेच सांगेल. असू दे.

प्रत्येक दोराच्या खालच्या टोकाला एक छोटी लाकडी खुंटी आणि कडेला अडकवायला एक फास. खुंटी ओढली की दोर मोकळा. बाबा म्हणाले, मोठ्या तरांड्यांवर असं असायचं, लहान होडीवर नुसती सुरगाठ. ती सुरगाठ त्यांनी मला शिकवायला घेतली. पुस्तकातल्या अठरा गाठी मला येत होत्या, पण ही एक येईना. त्यांनी माझी बोटं धरून, पायजम्याच्या नाडीवर मारून दाखवली. आमच्या आईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, एकसष्टाव्या वर्षी नाडी बांधायला शिकतोय का?

काकाचा विषय पुन्हा निघाला नाही. पण डाव्या अंगाचे दोर करताना बाबा दर वेळी स्वतः ओढून बघायचे, सुटतात का. सुटले की "हां" म्हणायचे. मग मी परत बांधायचो. कधी कधी एका संध्याकाळी वीस-वीस वेळा.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली. 1 जून ते 31 जुलै सरकारी बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, प्लास्टिकने झाकलेल्या. भाऊही मग येऊन बसायला लागला. तो आयुष्यभर इंजिनावर गेलेला, शीड त्यानेही कधी ओढलेलं नाही. जीपीएस बघून जाळं टाकणारा माणूस, पण आठवडाभरात त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं, हेही लिहायलाच हवं.

29 जूनला सेंट पीटरचा सण. त्या दिवशी दुपारी बाबांनी गलबत मागितलं. टेबलावर ठेवलं, पंखा बंद केला आणि भावाला पुठ्ठ्याने वारा घालायला सांगितला, उजवीकडून. शीड डावीकडे भरलं. मग म्हणाले, "पलटव." भाऊ पुठ्ठा घेऊन फिरला, मी खालचं टोक ओढून घेतलं आणि बाबांनी शिडाचा कोपरा दोन बोटांत धरून काठीच्या पुढून पलीकडे नेला. माझ्याकडून डावीकडचे दोर अडकवायला उशीर झाला आणि डोलकाठी कलली. "गेला," बाबा म्हणाले. "चौगं पन गेलं." पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला जमलं. परबाण पलीकडे आलं, शीड भरलं, काठी सरळ. बाबांनी उजव्या अंगाच्या सैल दोरांवरून बोट फिरवलं, तिन्ही. मग म्हणाले, "चाय टाका."

गलबत ऑगस्टमध्ये शाळेला दिलं. बाईंनी काचेची पेटी करून घेतली होती, कुलूपाची. बाबांनी निरोप पाठवला की पेटीत ठेवायचं असेल तर परत द्या. मुलांना शीड पलटवता आलं पाहिजे. बाई जरा नाराज झाल्या, पण पेटीत आता क्रीडा स्पर्धेचे कप आहेत आणि गलबत ग्रंथालयातल्या टेबलावर आहे.

बाबा 2021 च्या पावसाळ्यात गेले, घरीच, झोपेत. काकाच्या मिस्सेत आता दोन नावं वाचतात.

मऊ सूत ते मऊ सूतच. मुलांच्या हातात वर्षभरात त्याचा पार चोथा होतो. जूनमध्ये शाळा उघडली की मला निरोप येतो आणि मी बिस्किटाचा डबा घेऊन जातो, दोर बदलतो, मुलं घोळका करून बघतात. गेल्या वर्षी गेलो तर डाव्या अंगाचे तिन्ही दोर कोणीतरी घट्ट निरगाठ मारून ठेवले होते. कोणी मारली विचारलं, कोणी बोलेना. कापून टाकता आले असते, दोर तसेही बदलायचेच होते. पण दाभण घेऊन बसलो. तिन्ही सोडवायला पाऊण तास लागला.